बंद विंगमधल्या भरलेल्या बादल्या

तांब्याचा हंडा निम्माच घासून झाला होता. चिंचेच्या कोळात मीठ कालवून गोजराबाईंनी गळ्याकडून सुरुवात केली होती. गळा नि खांदे तांबूस झळकायला लागले होते, पोट अजून काळपटच होतं, तेवढ्यात ओट्यावरचा फोन वाजला. हात चिंचेनं बरबटलेले. त्यांनी करंगळीनंच फोन घेतला आणि स्पीकर लावला.

"मावशी, आज बस अर्धा तास आधी येनार हाय," पलीकडून हॉटेलातला प्लंबर सदू बोलत होता. "डायवर सांगायचा इसरंल म्हनून मीच फोन केला. म्याडमनी वेस्ट विंगच्या सगल्या स्टाफला बोलावलाय."

"सगळ्या म्हंजी कुणाकुणाला?"

"म्हंजे तुमाला आनि मला. आजून कोन हाय त्या भुताच्या वाड्यात?"

स्वतःच्याच बोलण्यावर हसत सदूनं फोन ठेवला. गोजराबाईंना काही हसू आलं नाही. चार दिवसांपासून हॉटेलात कुजबूज चालली होती, आणि म्याडमचं बोलावणं त्याबद्दलच असणार हे त्यांनी ओळखलं.

दुसऱ्या कुणी हंडा तसाच मोरीत ठेवला असता आणि उरलेला संध्याकाळी येऊन घासला असता. गोजराबाईंनी चिंच धुऊन काढली, काळपट पोट तसंच राहू दिलं आणि हंडा नळाखाली धरून काठोकाठ भरला. वर ताट झाकलं. देवापुढं हात जोडले, दाराला कुलूप लावलं आणि जिना उतरल्या. रिकामं भांडं घरात ठेवून त्या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नसत.

तशी ही शिकवण आईची. माहेर माणदेशातलं, साताऱ्याकडचं. आदल्या दिवशीचं पाणी सकाळी देवाला चालत नाही, आणि दिवेलागणीला घरातलं कुठलंच भांडं कोरडं असू नये, एवढं आईनं लहानपणीच त्यांच्या अंगात मुरवलं होतं. म्हणून रोज सकाळी शिळं पाणी काढायचं, भांडं खळबळून घ्यायचं आणि ताजं भरायचं. पाणी मात्र वाया जात नसे. शिळं पाणी धुण्याला, भांड्यांना आणि शेवटचा तांब्या तुळशीला. पनवेलजवळच्या करंजाड्यात त्या राहत, तिथं नळ कधी येईल आणि कधी रुसेल याचा नेम नसतो, त्यामुळं थेंबाथेंबाची किंमत त्यांना कुणी शिकवायला नको होती.

हॉटेल होतं उरणच्या पुढं, अगदी किनाऱ्यावर. गच्चीवर उभं राहिलं की समोर सगळा समुद्रच, आणि नळाला येणारं पाणी मात्र टँकरचं. आवारातली विहीर कधीची खारी होऊन बसली होती. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची माणसं गाड्या भरभरून यायची, पोहण्याच्या तलावात डुंबायची, मग खोलीत जाऊन अर्धा अर्धा तास शॉवरखाली उभी राहायची. हॉटेलला दोन विंग होत्या. पूर्वेकडची ईस्ट आणि समुद्राच्या तोंडावरची वेस्ट. पावसाळ्यात समुद्राचं वारं वेस्ट विंगमध्ये थेट घुसायचं, म्हणून आषाढ लागला की तिकडं पाहुणे ठेवत नसत. पण खोल्या नुसत्या बंद ठेवल्या तर गाद्यांना बुरशी धरते, कपाटं फुगतात, पडद्यांना कुबट वास येतो. म्हणून तिथं रोज एक माणूस लागायचं. खिडक्या उघडायच्या, कोरड्या फडक्यानं सगळं पुसायचं, गाद्या उलटायच्या, ऊन पडलंच तर उशा कठड्यावर टाकायच्या. ते माणूस म्हणजे गोजराबाई.

त्या दिवशी म्याडमच्या ऑफिसात त्या आणि सदू दोघंच होते. म्याडम म्हणजे क्षिप्रा. हाउसकीपिंगची सगळी जबाबदारी तिच्यावर. तिशीतली, बेलापूरची मुलगी. बोलायला फटकळ, पण मनात काही ठेवणारी नव्हती.

"बसा मावशी. सदू, तू उभा राहा, बसलास की झोपतोस."

"म्याडम, त्या दिवशी माजा डोका दुखत व्हता."

"रोज दुखतं ते. आता ऐका दोघं. पंधरा दिवसांपूर्वी आपण प्रत्येक विंगला पाण्याचा वेगळा मीटर बसवला, बरोबर? नळांना जाळ्या बसवल्या, शॉवर बदलले, टॉवेल पुन्हा वापरा म्हणून खोल्याखोल्यांतून पाट्या ठेवल्या. ईस्ट विंग भरलेली आहे, तिथलं पाणी कमी झालं. मालक खूश. आणि वेस्ट विंगमध्ये एक पाहुणा नाही, तरी मीटर रोज फिरतोय. जणू तिथं कुणी राहतंय."

"गलती हाय म्याडम," सदू म्हणाला. "भिंतीच्या आत कुठं तरी पाइप फुटलाय."

"मग शोध. रविवारपर्यंत. नाही सापडली तर सोमवारी मेन वॉल्व्ह बंद करून विंगला कुलूप. मालकांनी तसं कळवलंय. पावसात भिंती फोडत बसायचं नाही म्हणाले." मग क्षिप्रानं आवाज जरा खाली आणला. "मावशी, तसं झालं तर तुम्हाला नवरात्रापर्यंत घरी थांबावं लागेल. ईस्टला माणसं पुरेशी आहेत. नवरात्रात तुम्हाला पहिला फोन करीन, शब्द देते."

गोजराबाईंनी मान हलवली. पुढचं काही त्यांच्या कानात शिरलंच नाही. घरी थांबावं लागेल, एवढंच ऐकू आलं.

घर म्हणजे करंजाड्यातली चौथ्या मजल्यावरची एक खोली आणि स्वयंपाकघर. यजमान हौसेराव कळंबोलीच्या लोखंड बाजारात माथाडी होते. आयुष्यभर पाठीवर आणि खांद्यावर लोखंड वाहून त्यांनी ती जागा घेतली होती, आणि तिथं राहायला येऊन दोन वर्षांतच देवाघरी गेले. मुलगा उदयसिंह चाकणला कारखान्यात. त्याला बायको, लेक, स्वतःचा संसार. दर रविवारी न चुकता फोन करायचा. "आई, बरी हायस नव्हं? औषध घेती नव्हं? बरं, ठेवतो." त्याचं तरी काय चुकलं म्हणा. पैशाची गोजराबाईंना तशी नड नव्हती. दोन भाकरी आणि कालवण, एवढ्या खाणाऱ्याला लागतं किती? पण घरात बसलं की दिवस संपता संपत नसे. पूजा झाली, पोथी वाचून झाली, दोन वेळा केर काढून झाला, तरी घड्याळाचा काटा अकरापाशीच. शेजारची दारं सगळी बंद. नवरा-बायको दोघंही कामावर, मुलं पाळणाघरात. कधी कधी संध्याकाळपर्यंत तोंडातून एक शब्द बाहेर पडलेला नसे, आणि दिवा लावताना शुभं करोति म्हणायला गेल्या की आवाज घोगरा निघायचा.

हॉटेलात तसं नव्हतं. वेस्ट विंगमध्ये त्या एकट्याच असत हे खरं, पण बसमध्ये कुणी जागा धरून ठेवायचं, कॅन्टीनमध्ये कुणी ताटात लोणच्याची फोड टाकायचं, कुणी लांबून का होईना "ओ मावशी!" म्हणून हाक मारायचं. तेवढ्यावर त्यांचा दिवस सरत असे. आता नवरात्रापर्यंत तेही नाही.

म्हणून गळती शोधायला सदूपेक्षा त्याच जास्त उतावीळ. पदर खोचून त्या त्याच्यामागं खोलीखोलीतून फिरल्या. सदूनं बेसिनखाली टॉर्च मारला, फ्लशच्या टाक्या उघडल्या, भिंतीला कान लावला. गोजराबाई प्रत्येक न्हाणीघराच्या दारात उभ्या राहून मनातल्या मनात देवाला साकडं घालत होत्या. प्रत्येक न्हाणीघरात नळाखाली एक बादली होती, आणि प्रत्येक बादली काठोकाठ भरलेली, वर मग पालथा घातलेला.

सदूनं त्यातल्याच एका बादलीत हात धुतले. "मावशी, तुमी हितं धुनं-बिनं धुता काय वो?"

"न्हाई बा. धुणं कशाला धुऊ? फडकं वलं करून पुसते, तेवढंच."

"मंग पानी जातो कुठं? कालपासून एक गंमत बघून ठेवलीये मी. रातीला मीटर हालत नाय. सकाली तुमी येता, मंग फिराला लागतो. दिवसा गलनारी आनि रातीला झोपनारी गलती मी पयल्यांदाच बघतोय. सरकारी नोकरीला असंल."

"आरं, तसं आसंल. दिवसा पाण्याला जोर आसतो," गोजराबाई म्हणाल्या. आपण रोज सकाळी त्या सगळ्या बादल्या ओतून, खळबळून, पुन्हा भरतो हे त्यांच्या ध्यानीमनीही आलं नाही. त्यांना ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. देवाजवळ निरांजन लावलं म्हणून तेल किती जळलं, हे कुणी सांगत बसतं का? रिकामी बादली न्हाणीघरात असू नये आणि शिळं पाणी बादलीत राहू नये. ते काम नव्हतंच. ती रीत होती.

एवढंच की घरी शिळ्या पाण्याला धुणं होतं, भांडी होती, तुळस होती. इथं वापरायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून ते गटारात जायचं.

बुधवारी दिव्यांची अवस आली. गोजराबाई सहसा कधी सुट्टी घेत नसत, पण ह्या दिवशी घरात असायलाच हवं. पितळेची समई, निरांजनं, देव्हाऱ्यातला लामणदिवा, सासूबाईंची जुनी पणती, सगळं घासून-पुसून त्यांनी पाटावर मांडलं. भोवती रांगोळी काढली. बाजरीचे गोड दिवे उकडले. संध्याकाळी सगळ्या वाती लावल्या तेव्हा खोली अशी उजळली की भिंतीवरचा हौसेरावांचा फोटोसुद्धा हसल्यासारखा दिसायला लागला.

आता घरातल्या लेकरांना ओवाळायचं. त्यांनी चाकणला व्हिडिओ कॉल लावला. दुसऱ्यांदा लावल्यावर सूनबाई, राजेश्वरीनं उचलला. मागं टीव्हीचा कल्ला.

"आई, आत्ताच आलेय हो कामावरनं. बोला ना."

"काय न्हाई गं. छोकरीला जरा पुढं आन. ओवाळते तिला."

नात पडद्यावर आली. गोजराबाईंनी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला आणि तबक हातात घेतलं. एक फेरा झाला. दुसऱ्या फेऱ्याला नात म्हणाली, "आजी, तू दिसतच नाहीयेस, नुसता उजेड दिसतोय," आणि टीव्हीकडं पळाली. राजेश्वरी "अगं थांब, अगं आजी..." म्हणत तिच्यामागं गेली. पडद्यावर बराच वेळ नुसता पंखा फिरत राहिला. गोजराबाईंनी तिसरा फेरा पंख्यालाच ओवाळून पुरा केला, देवाचं नाव घेतलं आणि फोन बंद केला. मग बाजरीचा एक दिवा दुधात कुस्करून खाल्ला. उरलेले डब्यात भरून ठेवले, सदूला होतील म्हणून.

गुरुवारी सकाळी त्या वेस्ट विंगमध्ये शिरल्या ते नेहमीच्या सवयीनं. पहिल्या खोलीच्या खिडक्या उघडल्या, न्हाणीघरात गेल्या. बादली दोन दिवसांची शिळी. त्यांनी ती उचलून कडेनं कलंडवली. पाणी खळाळत जाळीकडं निघालं, आणि तेवढ्यात सदू धावत आला. त्याला धाप लागली होती.

"मावशी! काल मीटर जागचा हालला नाय! एक थेंब नाय! दिसभर मी काय पन केला नाय नि गलती आपली आपुन बंद! मंग मी इचार केला, काल हितं नव्हता कोन? तुमी नव्हता." तो दात काढून हसला. "तुमीच गलता काय वो मावशी?"

आणि हसता हसता थांबला. त्याची नजर त्यांच्या हातातल्या कलंडलेल्या बादलीवर होती. गोजराबाईंनीही खाली पाहिलं. शेवटचं पाणी जाळीतून गुळगुळ आवाज करत खाली उतरत होतं.

"ह्ये... रोज?" सदूनं विचारलं.

"रोज."

"सगल्या रूममधी?"

"सगळ्याच की. एक सोडून दुसरी कशी ठेवायची?"

सदू कमोडच्या झाकणावर मटकन बसला आणि हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला. "चार दिस मी भित्तींना कान लावून बसलो! बायको म्हनाली, रातीला पन भित्तीशी बोलतंस काय? आनि हितं तुमी... मावशी, कुनाला पानी ठेवता वो? पाहुना नाय, रावला नाय!"

गोजराबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आरं द्येवा! म्हंजी समदं माझ्यामुळंच? मला काय ठावं रं..."

"चूप, रडू नका. झाला काय त्यात? कोनाला सांगू नका." सदू उठला. "मी म्याडमला सांगतो, गलती सापडली, एका जॉइंटचा वायसर बदलला. संपला. मीटर हालनार नाय, विंगला टालं लागनार नाय, तुमी हितंच. फक्त बादल्या पालथ्या घाला आनि नलाला हात लावू नका. जमंल ना?"

"जमंल की," गोजराबाई म्हणाल्या. न जमायला काय झालं होतं? नळ उघडायचा नाही, एवढंच तर होतं. त्यांनी सदूच्या हातात बाजरीच्या दिव्यांचा डबा ठेवला. सगळ्या बादल्या त्यांनी स्वतःच्या हातानं रित्या केल्या, पुसल्या आणि पालथ्या घातल्या. दुपारी क्षिप्रानं सगळ्यांसमोर सदूची पाठ थोपटली. गोजराबाईंच्या जिवात जीव आला.

पण काम करताना त्यांचं लक्ष लागेना. खोली आवरून झाली की न्हाणीघराचं दार त्या न बघताच ओढून घ्यायला लागल्या. 

त्याचं कारण त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, उदयसिंहालासुद्धा नाही. हौसेराव गेले तो चैत्रातला दिवस होता. तीन दिवस नळ आला नव्हता. होतं नव्हतं ते पाणी सकाळी त्यांचं अंग पुसण्यात आणि औषधात संपलं होतं, आणि हंडा कोरडा, मोरीत पालथा होता. दुपारी त्यांनी डोळे उघडले आणि पाणी मागितलं. गोजराबाई तांब्या घेऊन धावल्या. शेजारच्या दाराला कुलूप. समोरच्या दाराला कुलूप. खालच्या मजल्यावर एका बाईनं दार उघडलं, तिच्या फिल्टरमधनं तांब्या भरायला लागला तेवढा वेळ लागला. वर आल्या तर हौसेराव गेले होते. त्यांनी ते पाणी तरीही त्यांच्या ओठांवर सोडलं. ते तोंडात गेलंच नाही, गालावरून उशीवर उतरलं. तेव्हापासून आईनं शिकवलेली रीत नुसती रीत राहिली नव्हती. जिथं गोजराबाईंचा हात पोचेल तिथं एकही भांडं कोरडं राहायचं नाही. मग ते घर कुणाचंही असो. कुणी मागो न मागो.

शुक्रवारी सकाळी त्या नेहमीसारख्या जप करत कामाला लागल्या. ओठ हलत होते, मन नामात होतं, हात आपलं काम करत होते. खिडक्या, गाद्या, कपाटं, दारं. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत. माळ पुरी झाली तेव्हा त्या कितव्या तरी खोलीच्या न्हाणीघरात उभ्या होत्या. नळ चालू होता आणि बादली भरत आली होती.

त्यांनी झटकन नळ बंद केला. धावत मागच्या खोल्या पाहिल्या. सगळ्या बादल्या सरळ, सगळ्या काठोकाठ, वर मग पालथा. अंगात आलेल्या बाईला जसं आपण काय बोललो ते आठवत नाही, तसं त्यांना काही आठवत नव्हतं. पुन्हा ओतून टाकावं म्हणून एक बादली त्यांनी उचलली. मग थांबल्या. ओतलं तरी पाणी नळातून येऊन गेलं होतं, मीटर फिरला होता. आणि ओतायचं तरी कुठं, त्याच जाळीत? बादली हातात धरून त्या बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. हाताला रग लागली तेव्हा त्यांनी ती अलगद खाली ठेवली.

जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीन भरलं होतं. गोजराबाईंनी ताट घेतलं, पण घास उतरत नव्हता. तेवढ्यात क्षिप्रा हातात फोन घेऊन आली. मीटरचा आकडा आता तिला फोनवरच दिसत असे.

"सदू! हे काय? काल गळती काढली म्हणालास ना? मी मालकांना कळवून मोकळी झाले. आज पुन्हा मीटर फिरतोय."

सदू उभा राहिला. त्यानं एकदा गोजराबाईंकडं पाहिलं आणि नजर ताटाकडं वळवली. "वायसर ढिला झाला असंल म्याडम. बघतो परत."

"एका दिवसात? तुला प्लंबर म्हणून ठेवलंय की गप्पा मारायला? बाहेरचा माणूस बोलावला असता तर..."

टेबलांवरचं बोलणं थांबलं. कुणी तरी खुदकन हसलं. सदूचे कान लाल झाले, पण तो काही बोलला नाही. दुसरा कुणी असता तर तेवढ्यात त्यांचं नाव सांगून मोकळा झाला असता, हे गोजराबाईंना दिसत होतं. आणि हेही दिसत होतं की आज तो वाचवील, उद्या वाचवील, पण आपले हात उद्याही हेच करणार. त्यांना अडवणं आपल्या ताब्यात नाही.

त्या ताट घेऊन तशाच उभ्या राहिल्या. "म्याडम, त्येला बोलू नगा. गळती न्हाई. ती मीच हाय."

"काय?"

"मी बादल्या भरते. रोज शिळं पाणी वतते नि ताजं भरते. समद्या खोल्यांतल्या. काल न्हाई करायचं म्हणून ठरवलं हुतं. आज परत झालं हातनं."

क्षणभर कुणालाच काही समजलं नाही. मग कोपऱ्यातल्या टेबलावरून कुणी तरी म्हणालं, "मावशी भुतांना आंघोळीचं पाणी काढते काय?" आणि सगळं कॅन्टीन हसलं. मनात वाईट काही नव्हतं त्यांच्या, पण हसले. सदू तेवढा हसला नाही.

क्षिप्रानं त्यांना ऑफिसात नेलं आणि चहा मागवला. तिच्या चेहऱ्यावरचा राग केव्हाच गेला होता.

"मावशी, पण का? रिकाम्या खोल्यांतून?"

हौसेरावांचं नाव ओठांवर आलं होतं. पण ते सांगितलं तर ही पोरगी दया दाखवील, आणि दयेवर ठेवून घेतलेलं माणूस त्यांना व्हायचं नव्हतं. "रिकामी बादली बघवत न्हाई मला," एवढंच त्या म्हणाल्या.

क्षिप्रानं कप बशीत ठेवला. "माझी आजी पण असंच करायची," ती म्हणाली. मग तिनं निःश्वास टाकला. "चला, भिंती फोडायच्या वाचल्या, तेवढं तरी झालं. पण मावशी, मी मालकांना खरं सांगितलं की ते हेच म्हणणार, गळती नाही तर वॉल्व्ह बंद करायला अडचण काय? खिडक्या काय, आठवड्यातून दोनदा ईस्टची मुलं जाऊन उघडतील. ईस्टमध्ये तुम्हाला घेतलं असतं, पण तिथं आता..."

"तितं बी मी भरीनच बादल्या," गोजराबाई म्हणाल्या. "कळलं मला. नवरात्रात बोलवा."

"नक्की. पहिला फोन तुम्हाला."

स्टोअरमधल्या मुलीनं हजेरीवहीतलं त्यांचं नाव खोडलं नाही, फक्त पुढं पेन्सिलनं खूण केली आणि सांगितलं की युनिफॉर्मच्या दोन साड्या धुऊन, इस्त्री करून परत द्या, रविवारी बस येईल तेव्हा ड्रायव्हरकडं दिल्या तरी चालतील. दुपारची बस पनवेलला निघायची होती. सदू फाटकापर्यंत आला.

"तोंड कशाला उघडलाव मावशी? मी सांभालला असता ना."

"किती दीस? तुझं नाव खराब व्हत हुतं."

"माजा नाव काय, कुठं पाटीवर लिवलंय?" तो जरा वेळ पायानं वाळू उकरत राहिला. "दिवे बेस झालते. बायकोनं, जागृतीनं, दोन खाल्ले. गनपतीला या घरी. गाव लांब नाय, हितनं रिक्षा हाय."

"येईन की."

येणं काही होणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. बस सुटली. दुपारच्या बसमध्ये जागा धरून ठेवायला कुणी नव्हतं, कारण बस जवळजवळ रिकामीच होती. गोजराबाई खिडकीपाशी बसल्या. खाडीकडचं पाणी ओहोटीला मागं सरलं होतं आणि उघड्या पडलेल्या चिखलात बगळे एकेकटे उभे होते. त्या त्यांच्याकडं बघत राहिल्या, आणि जप करावा असं एकदाही मनात आलं नाही.

घरी आल्या तेव्हा जिन्यात चिटपाखरू नव्हतं. समोरच्या दाराला कुलूप, शेजारच्या दाराला कुलूप. कुलूप काढून त्या आत गेल्या, हातपाय धुतले, देवाजवळ दिवा लावला. शुभं करोति म्हटलं. आज आवाज घोगरा नव्हता, दुपारी बोलणं झालं होतं ना. उद्यापासूनचं उद्या. मग त्यांनी पिशवीतून हॉटेलच्या दोन्ही साड्या काढल्या, साबणाच्या पाण्यात भिजवल्या, चोळून, पिळून गॅलरीतल्या दोरीवर टाकल्या. हवेत ओल होती. रात्रभरात वाळतील न वाळतील, पण निदान दमट तरी होतील. दमट साडीला इस्त्री चांगली बसते.

सकाळी उठून साड्या घेऊन नाक्यावरच्या इस्त्रीवाल्याकडं जायचं होतं, तेवढंच दोन शब्द बोलणं झालं असतं.